हसण्याच्या जागा

डुलूथच्या जुन्या थिएटरात
गुरुवारी अर्ध्या तिकिटात काळापांढरा सिनेमा.
नायक झिंगून कारंज्यात पडतो,
मागून त्याची हॅट तरंगत येते.
अख्खं थिएटर खिदळतं.

ऑर्विल हसत नाही.
पेले मोजतो. हा चौथा.
नायिकेला वाटतंय दुसराच.

आमच्याकडे कारंजं नव्हतं.
गॅरेजबाहेरचा बर्फ होता,
आणि एक बूट,
जो थेट एप्रिलात सापडला.

ती त्याला माफ करते
एका चुंबनात,
सिनेमा संपायला सात मिनिटं राखून.
मला अकरा वर्षं लागली,
थोडं अजून उरलंय,
कोटाच्या खिशात किल्ल्यांसोबत.

दिवे लागतात.
ऑर्विल मफलर गुंडाळत म्हणतो,
"असं पडत नसतं गं कुणी.
हॅट आधी जाते."

आणि मला तिथं हसू फुटतं,
रिकाम्या खुर्च्यांमध्ये,
सगळे गेल्यावर.