शॅपचा चढ

शेडचं पत्र्याचं दार लोटलं की
आधी वास येतो: गिअर ऑइल, ओली ताडपत्री,
आणि कुठेतरी मेलेला उंदीर.
मग ती दिसते.
ॲटकिन्सन, आठ चाकी, अठ्ठावन्न सालची.
एक दिवा फुटलेला,
कपाळावरचं मोठं अक्षर मात्र जागच्या जागी.

तेविसाव्या वर्षी बसलो तिच्यावर.
एकशे बारा घोडे आणि मालासकट चोवीस टन.
केंडल मागे पडलं की रस्ता आभाळाकडे बघू लागायचा.
क्लच दाब, सोड, इंजिनाला एक हुंकार काढू दे,
पुन्हा दाब,
मग गिअर स्वतःहून आत शिरायचा,
ओळखीच्या घरात चप्पल काढून शिरावं तसा.
चुकलास तर असा करकराट
की शॅपच्या मेंढ्याही चरायचं सोडून
मान वर करून बघायच्या:
आज कोण नवखा आलाय?

हीटर नव्हता. डाव्या हाताला इंजिनाचं झाकण,
त्यावर पुडीतली सॉसेजं गरम होत पडलेली.
डावी मांडी भाजायची,
उजवा गुडघा दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने बधिर.
वायपर एकच, तोही आपल्या मर्जीचा मालक.
दोन्ही गुडघ्यांवर पोत्याचं कापड घेऊन
बारा मैलांचा चढ दीड तासात चढायचो,
आणि वर पोचलो की उगाच कुणाला तरी सांगावंसं वाटायचं.

कथबर्ट एअरी तोंडात कॉटर पिना धरून बोलायचा,
म्हणून त्याचं निम्मं बोलणं गिळलेलं.
त्रेसष्टच्या जानेवारीत डिझेलचं मेण झालं
तेव्हा टाकीखाली चिंध्या पेटवून
शेकोटीला बसावं तसा शांत बसला होता बर्फात.
मी म्हटलं, पेट घेईल.
तो म्हणाला, "घेऊ दे की, तेवढीच ऊब."

एकदा चढावर, अगदी निम्म्यात, हाफशाफ्ट गेला.
इंजिन गुरगुरतंय, चाकं ढिम्म.
चाकांना दगड लावून चार तास थांबलो.
कथबर्ट आला, तुटका तुकडा टॉर्चखाली धरला,
पिना थुंकल्या, आणि पहिल्यांदाच सलग बोलला:
"हे बघ. इथं कडेला गंज चढलाय.
हा आज नाही तुटला.
चीर केव्हाची, आज फक्त उरलेलं गेलं.
तुला ऐकू कसं नाही आलं?"

पुढे ग्वेंडा टेबलावर चिठ्ठी ठेवून
बहिणीकडे कार्लाइलला गेली, ती गेलीच.
त्या संध्याकाळी मी
स्वयंपाकघरात हात धूत उभा होतो,
आणि मला तो तुकडा आठवला.

सत्तर साली मोटरवे झाला.
चढ बाजूला पडला, मेंढ्यांचं मनोरंजन संपलं.
गाडी मालकाने जत्रेवाल्यांना विकली.
त्यांनी तिला पिवळा रंग दिला, पाळण्याचे खांब लादले,
आणि शेवटी ॲपलबीजवळच्या एका शेतात
काट्यांत सोडून दिली.
मला सापडली तेव्हा कॅबमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती.
तिची पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबलो. एकवीस दिवस.

काल गिअरबॉक्सचं झाकण काढलं.
आतल्या बाजूचं तेल फडक्याने पुसलं
तर धातूवर पंचने ठोकलेले ठिपके,
ठिपक्यांची वेडीवाकडी अक्षरं.
मार्च सहासष्ट. क. ए.
आणि खाली:
"अजून ऐकत नाहीस."

एक्याऐंशीत गेला तो. फुप्फुसं.
त्याच्या दफनाला मी ग्लासगोचा माल घेऊन गेलो होतो,
म्हणजे गेलो नव्हतो.

झाकण होतं तसं बसवलं.
पंपावरच्या सहा कळा एकेक करून दाबल्या,
पाइपातली हवा फसफसत निघाली,
मग डिझेलचा स्वच्छ थेंब.
पहिल्यांदा नुसती धाप.
दुसऱ्यांदा पांढरा धूर, खोकला,
आणि मग तो जुना, जाड, घाई नसलेला ठोका.
छपरावरची धूळ माझ्या टोपीवर पडत राहिली.

लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनावर टेकवलं.
तिसऱ्या सिलिंडरात बारीक खरखर आहे.

आहे, कथबर्ट.
उद्या उघडतो.