एक सिलिंडर

उद्यमनगरात चाळीस वर्षं
इंजिनाला कान लावून बसलोय.
टॅपेट वाजतंय, पिस्टन धरतोय, डिझेलात पाणी आलंय,
बॉनेट न उघडता सांगतो.
माणसांचं मात्र डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

त्या दिवशी मुडशिंगीत होतो,
जिनाप्पा मगदूमाच्या विहिरीवरची मोटर काढायला.
वरून ते शिकाऊ विमान गेलं,
रोजचंच, पांढरं, पोटाशी निळी रेघ.
पान्यावरचा हात न उचलता म्हटलं,
एक सिलिंडर चुकतोय.
जिनाप्पा हसला.
"मिस्त्री, आता आभाळातलीबी गिऱ्हाईकं धरताय व्हय?"

मग ते खोकलं.
दोनदा.
मग काहीच नाही.

रस्त्यात गाडी बंद पडली
की माणूस आधी शिवी देतो,
मग कडेला घेतो, मग चहा सांगतो.
वर कडेला घ्यायला जागा नाही.
पंखा दिसायला लागला, दोन पाती,
मोजता येतील अशी,
आणि वारं कापल्याचा एवढा बारीक आवाज
की दोन्ही कानांनी ऐकला मी.

खाली विजेच्या तारा, शाळेचा पत्रा,
कारखान्याच्या वाटेवर भरलेल्या ट्रॉल्या.
विमान शाळेवरून वळलं.
वळताना उंची जाते, एवढं मलाही कळतं.
तरी वळलं,
आणि जिनाप्पाच्या पुरुषभर उसात
पोटावर शिरलं, पेरं कडाकडा मोडत.
एक पंख बांधावरच राहिला.

कोयते घेऊन धावलो.
आत एकवीस-बावीसची पोरगी,
खिशावर नाव : मृण्मयी हुक्केरी.
कपाळ फुटलेलं, हात अजून दांड्यावर.
पट्टा कापताना पेट्रोलचा वास,
आणि खाली ताज्या रसाचा.
"काका, माझं काही चुकलं का?"
म्हटलं, "तुझं नाही गं. मी ऐकलंय."
तिनं दांडा सोडला तेव्हा.

चौकशीवाल्या साहेबांनी विचारलं, काय पाहिलं?
म्हटलं, मी ऐकलं.
त्यांनी लिहिलं : साक्षीदाराने पाहिले.
मी सही केली.

जिनाप्पानं तेवढी सरी अजून लावलेली नाही.
आणि रात्री कधी
स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरत घरघरत
अचानक गप्प होतो.
मी उठून बसतो.
बायको कूस न बदलता म्हणते,
"फ्रिज आहे. चालू होतोय आपोआप."
होतो.
तोवर मी मोजत बसतो.