तिसऱ्या पायरीखाली

कंधारात सांगतात, अय्यण जोशी कोल्हिणीच्या पोटचा.
मी त्याची बायको. मला एवढंच ठाऊक :
नदीवर गेला की ओंजळ न करता
तोंड लावूनच पाणी प्यायचा,
आणि पुनवेच्या रात्री अंथरुणात सापडायचा नाही.

पळसाच्या पानांचे बारा जण केले होते त्याने.
फुंकर घातली की उठायचे,
दाराला कडी लावायचे,
घटिकापात्राशी बसायचे, वाटी बुडाली
की हलक्या हाताने काढून
पुन्हा पाण्यावर सोडायचे.
कामाचे होते, नाही कशाला म्हणू?
पण ते चेहरे! नुसत्या शिरा,
आणि डोळ्यांच्या जागी अळीने खाल्लेली भोकं.
मी जात्यावर बसले की मागे ओळीनं उभे.
म्हटलं, हे राहतील, नाहीतर मी.

तो काही बोलला नाही.
बारवेवर घेऊन गेला त्यांना,
तिसऱ्या पायरीखाली ठेवून आला.
त्या रात्री जेवला नाही.

दरबारात एकदा झाकलेली पेटी आली.
परका पंडित म्हणाला, आत महाळुंग आहे.
अय्यण बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, होतं.
राखणाऱ्याला भूक लागली असावी.
उघडली, तर सहा बिया.
पहाऱ्यावरचं पोरगं तिथंच मटकन बसलं.
राजा म्हणाला, जोशी, माग काय हवं ते.
त्या पोराची मान, अय्यण म्हणाला,
धडासकट.

स्वतःचा दिवस त्याला दिसला असणारच.
सांगितला नाही.
फक्त त्या पंधरवड्यात
लागतं त्याच्या दुप्पट सरपण फोडून ठेवलं,
मी विचारलं तर म्हणाला, ओलं आहे, वाळू दे.

आता कडी मीच लावते.
वाटी तळाशी बुडून आहे केव्हाची,
कुणी उपसत नाही.

सांज झाली की बारवेवर जाते.
हाक मारावी, तर नावं माहीत नाहीत,
मी कधी विचारलीच नव्हती.
तिसऱ्या पायरीवर बारा भाकरी ठेवते,
ज्वारीच्या, लहान लहान.
पानांना कसली आली भूक?
तरी ठेवते.

सकाळी अकरा उरतात.
काठाच्या ओल्या मातीत पावलं असतात,
चार बोटांची, नखं रुतलेली,
वर येऊन, थोडं थांबून, परत गेलेली.

सासूबाई असतील, मी मनात म्हणते,
आणि डोक्यावर पदर घेते.