सातवं घर

पर्यटक गेले की लेरोसच्या बंदरावर
खुर्च्या एकात एक घालून साखळीने बांधतात.
आणि सगळा उन्हाळा ज्यांना
कोळंबीच्या शेपट्या मिळाल्या, ती मांजरं
बांधलेल्या खुर्च्यांखाली
वेळेवर येऊन बसतात,
वेटर येईल म्हणून.

मग मी येते. सहाला,
माशांची डोकी आणि भात उकडून,
नवऱ्याच्या रंगाच्या बादलीतून.
डोकी पांतेलिस फुकट देतो
आणि वर ऐकवतो,
"किरा स्मारो, स्वर्गात तुला कोण विचारणार?
तिथे सगळी कुत्री आहेत."

करडी नऊ वर्षांची असेल.
नऊ वर्षांत एकदाही हात लावू दिलेला नाही तिने,
आणि पिंजरा तर ती लांबूनच ओळखते.
बादली ठेवली की फिसकारते.
मी म्हणते, कालिमेरा.
एवढंच आमचं बोलणं.
डोळे मिटून दूध पिणारी मांजरं
असतील कुठल्या घरात तर असोत,
ही खाताना एक डोळा
माझ्या चपलांवर ठेवते.

जूनमध्ये ती व्याली, जाळ्यांच्या ढिगात.
मग एकेकाला मानेला धरून
बर्फाच्या कारखान्यामागे,
तिथून इटालियनांच्या पडक्या बराकीत,
तिथून चॅपलमधल्या तेलाच्या डब्यांआड,
तिथून पांतेलिसच्या उपड्या होडीखाली.
मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात.
मी पाच मोजली.
पाचव्यातून काळ्याला उचललं,
दीड महिन्याचा, टॉवेलात मावला.
तांबूस बहीण फळ्यांच्या फटीत शिरली.
कोपरापर्यंत हात घातला.
रक्त आलं, ती आली नाही.

काळा तीन दिवस माझ्या फ्रिजमागे.
चौथ्या रात्री रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकत होते,
तर पावलावर काहीतरी ऊबदार, घरघरणारं.
पाय हलवला नाही.
भात करपला.
नाव मुद्दाम ठेवलं नाही,
ठेवलं की देववत नाही.

ऑक्टोबरात कोसहून डॉक्टरीण आली,
शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडून बसली.
करडीसाठी पिंजरा लावला,
आत सार्डिन, वर जुनी चादर.
रात्री दीडला झडप पडली. खट्.
आत तांबूस.
करडी दहा पावलांवर बसून
माझ्याकडे पाहत होती.

हिला नेऊ का घरी? मी विचारलं.
डॉक्टरीण फाटलेला हातमोजा काढत म्हणाली,
"चार महिन्यांची आहे. राहील,
पण पलंगाखाली. जन्मभर पलंगाखाली.
इथे निदान बंदर आहे."

मग टाके, लस,
आणि डाव्या कानाचं टोक, नखाएवढं.
दोन रात्री न्हाणीघरात ठेवली, तिसऱ्या सकाळी
बंदरावर दार उघडलं.
दोरखंडावरून उडी मारून दिसेनाशी झाली
आणि संध्याकाळी जेवायला हजर.

त्याच शुक्रवारी काळा निघाला,
हंगामातल्या शेवटच्या विमानाने.
हानोव्हरची एक नर्स, आनेग्रेट, सुट्टी संपवून परतत होती.
त्याच्या टोपलीला जागा हवी म्हणून
पायात घालायचे पोहण्याचे पंख
माझ्याकडे टाकून गेली.
अजून दाराशी उभे आहेत, पिवळे,
जणू पाहुणा आत आहे.

परवा फोटो आला.
काळा हीटरवर आडवा, पोट वर,
खिडकीबाहेर बर्फ.
डोळे मिटलेले.
सातवं, मी म्हटलं.
फ्रिजमागचं धरून.

फोन करडीपुढे धरला.
ती फोनवर फिसकारली.
तांबूस जरा मागे बसली होती,
तिरक्या कानाने,
तिची घरं कुठून मोजायची
मला कळलं नाही.
वाडग्यात डोकं एक जास्त घातलं.

करडीचं पोट पुन्हा जड दिसतंय,
किंवा भात असेल.
पुढच्या महिन्यात डॉक्टरीण यायची आहे.
पिंजरा धुऊन
गच्चीवर पालथा घातलाय,
जुन्या माशाचा वास जावा म्हणून.