शुक्रवारचं माप

अंबडच्या प्लॉटवर, नोटीस बोर्डाला,
फायर ड्रिलच्या कागदाशेजारी
कोठावदे साहेबांनी स्वतः टाचणी लावली:
सहा महिने, सोमवार ते गुरुवार. पगार तोच.
आम्ही कागद उलटा करूनही पाहिला.
मागे काही नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी साडेपाचला उठले, डबा भरला
आणि पवननगरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले.
कंपनीची बस येणार नाही हे
शेवटी एका रिक्षावाल्यानं सांगितलं.
घरी येऊन तोच डबा उघडला.
अकराही वाजले नव्हते.

दुसऱ्या शुक्रवारी फडताळातले सगळे डबे घासले,
तीळ संपून वर्ष झालेला सुद्धा.
तिसऱ्या शुक्रवारी झोपले.
झोपले म्हणजे,
विहिरीत कळशी सोडावी
आणि दोर संपूच नये, तशी.

पुढचे काही शुक्रवार कसे गेले आठवत नाही.
हेच मला फार आवडलं.

मी क्वालिटीत आहे. एकवीस वर्षं हातात मायक्रोमीटर.
मिलिमीटरचा शंभरावा भाग माझ्या अंगठ्याला कळतो.
पण शनिवार आला की तोच अंगठा थरथरायचा,
कुणाला दिसू नये इतपतच.
मी दोनदा मोजायचे, तिसऱ्यांदा मोजायचे,
मग देवाचं नाव घेऊन पास म्हणायचे.
ऑगस्टात कधीतरी लक्षात आलं,
एकदाच मोजतेय.

मीटिंगमध्ये साहेबांनी आलेख लावला.
रिजेक्शन खाली. माल जवळजवळ तितकाच.
आजारपणाच्या रजा निम्म्या.
भामरेनं टाळ्या वाजवल्या. त्याची कंबर थांबलीय दुखायची,
आणि आपण गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालतो
हे तो कुणी न विचारता सगळ्यांना सांगतो.

दाराशी दौलत गांगुर्डे उभा होता, हातात झाडू.
ठेकेदाराचा माणूस, रोजावर.
त्याचे दोन दिवस गेले म्हणजे गेलेच.
आता शुक्रवार-शनिवार तो पंचवटीत, मार्केट यार्डात
टोमॅटोचे क्रेट उचलतो. रविवारीही, मिळालं तर.
आमचा आठवडा चाराचा झाला,
त्याचा सहाचा सात.

यात दौलत कुठंय, असं मी विचारलं.
म्हणजे, विचारणार होते.
तेवढ्यात बोरस्ते बाईंनी पेढे फिरवले
आणि मी घेतला. गोड होता.

गुरुवारी तपासणीचा तक्ता भरताना
शेऱ्याच्या रकान्यात, जिथं मी एरवी
'ठीक' एवढंच लिहिते, तिथं लिहिलं:
एक माप घ्यायचं राहिलं आहे. फेरतपासणी व्हावी.
खाली सही, पूर्ण नावाची.
तक्ता साहेबांच्या टेबलावर आहे अजून.

आज शुक्रवार. गंगेवर येऊन बसलेय,
पायरीवर, पाण्यात हात सोडून.
अंगठा स्थिर.
पुलावरून एक टेम्पो चाललाय, क्रेट पार वरपर्यंत.
सवयीनं मोजायला लागले.
अकरापर्यंत आले
तर टेम्पो यार्डाकडं वळला.