आज्ञार्थ

एकोणीस वर्षं मी यंत्राशी आज्ञार्थातच बोलले.
घे. ठेव. एक मिळव. परत ठेव.
संपेस्तोवर फीर.
धाकट्या जावेशीसुद्धा इतकं तुटक कधी बोलले नसेन.

मळकर्णेकर सरांनी शाळेत माझ्या वहीतलं क्ष = क्ष + १
लाल शाईनं खोडलं होतं: असा क्ष अजून जन्मायचाय.
पुढे त्याच ओळीवर मी चोडणातल्या घराचं कर्ज फेडलं.

मार्चमध्ये अडकले.
मानशीच्या पावणीचा हिशेब, गावानं फुकट गळ्यात घातलेला,
रात्री बरोबर, सकाळी अकराशेनं कमी.
'शिल्लक' नावाचा एकच डबा
आणि सतरा फंक्शनं त्यात हात घालून गेलेली.
एकही कबूल होईना.

ब्लेझ, पर्वरीच्या ऑफिसातला, माझ्या अर्ध्या वयाचा,
म्हणाला, बाय, डब्यात हात घालायचाच नाही.
जुनी शिल्लक तशीच राहू दे, नवी जन्माला घाल.
आणि जुन्यांचं काय करायचं, एवढ्या?
कोणी विचारेनासं झालं, की जातात आपसूक.
हे तो हसत म्हणाला.

तीन आठवडे बोटं अडखळली.
'फीर' म्हणायची सोय नाही.
फंक्शननं स्वतःलाच हाक मारायची,
दर हाकेला यादी एकानं आखूड,
रिकामी झाली की गप्प.
मला चक्कर यायची.

मग एका संध्याकाळी फेरीतून उतरून
बांधावरून येताना मानशीपाशी थांबले.
भरती चढत होती.
पाण्यानंच फळ्या लोटल्या, दार लागलं.
कुणी 'लाव' म्हटलं नाही.
ओहोटीला आपलं आपण उघडेल.
आत कापणी झालेलं खाजन,
बाहेर मांडवीची सगळी बदलती भानगड.

घरी जाऊन डबे फोडले.
बेरीज आता मी करत नाही, ती असते,
आलेल्या हप्त्यांची. आज विचारा, चतुर्थीला विचारा.
अकराशे सापडले: रुझारिओचा हप्ता
त्याच्याच पुतण्याच्या हप्त्याखाली गाडला गेलेला.
दोघांचं आडनाव एक, जागा एक.

तरी अगदी कडेच्या फाइलीत
एक बदलता आकडा मी ठेवलाय.
खारं पाणी कुठून तरी आत यायला हवंच,
नाहीतर सुंगटं कुठली?
ब्लेझला दाखवलेला नाही.

मध्येच भाताचा वास येतो.
मी स्क्रीनवरून नजर न काढता नवऱ्याला ओरडते,
ऊठ. बघ. गॅस बंद कर.
तो म्हणतो, बंदच आहे.