बारावा करार

अकरा महिन्यांचा एक, असे करार करत गेलं
तर अकरा वर्षांत बारा होतात.
हे मला कुणी शिकवलं नाही.
मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात वह्या लिहिता लिहिता
शेवटच्या कोऱ्या पानावर मीच मांडून पाहिलं.
वर्ष बाराचं, कागद अकराचा,
म्हणून दर खेपेला मुदत एक महिना अलीकडे सरकते.
पहिला करार मे महिन्यातला. मग एप्रिल.
मग शिमगा: पालखी दारात आली
तेव्हा आम्ही टेम्पोत, मांडीवर मिक्सर.
कधी घर बदललं, कधी नुसता आकडा.
साडेतीन हजारांचे आता नऊ झाले.
तनिष्काच्या वयात सगळे महिने वापरून झाले,
आणि पुन्हा मे आला.

नंदू फणसोपकर एजंट आहे, पण माणूस वाईट नाही.
एक महिन्याचं भाडं त्याचं, ते तो आधीच सांगतो.
साळवी स्टॉपला दाखवली एक खोली,
कुवारबावला दुसरी, संडास सामाईक.
तिसरी चांगली होती. हवेशीर.
मालकीणबाईंनी पाणी दिलं, मग विचारलं,
"मासे खाता?"
म्हटलं, माशांवरच पगार होतो माझा.
"खा हो, पण बाहेर.
घरात तळण नको. वरच्या दोन खोल्यांत पर्यटक ठेवतो आम्ही."
म्हणजे त्यांना मासे चालतात, बशीत आले की.

एक जूनपासून बंदी.
विश्रामची बोट किनाऱ्याला, जाळी मांडीवर,
दोन महिने पगाराला भोक.
समुद्रालाही विणीसाठी सुट्टी असते.
भाडं बंदी पाळत नाही.

आणि माझ्याकडे चाव्या आहेत.
नाचणे रोडच्या एकाच इमारतीत पाच फ्लॅटच्या पाच चाव्या,
लाल दोऱ्यात ओवलेल्या.
दोन ठाण्याचे, दोन पुण्याचे, एक मस्कतचे.
गणपतीला येतात, पाच दिवस. कधी तेही नाही.
दर रविवारी जायचं, खिडक्या उघडायच्या,
नळ सोडायचे, गाद्या उलटायच्या.
फ्लॅटमागे दोनशे.
"माणसाचा वावर नसला की भिंतींना बुरशी येते,"
मस्कतच्या वहिनी फोनवर सांगतात.
आमच्या खोलीत वावर आहे, तीन माणसांचा.
तरी येते.

मागच्या रविवारी तनिष्काला घेऊन गेले.
तिसरा मजला. हॉलमध्ये तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
सोफ्यावर चादर, चादरीवर पालीची लेंडी.
तिनं खिडकी उघडली आणि म्हणाली,
"आई गो, हितनं समुद्र दिसतो."
मग हळूच, "हितं कोण ऱ्हातं?"
मी म्हटलं, कॅलेंडर.
ती हसली नाही.

पिशवीत चार बांगडे होते, घरी न्यायला घेतलेले.
का ते सांगता येणार नाही, पण मी शेगडी पेटवली.
सिलिंडर भरलेला, तवा कोरा, लेबलासकट.
तिखट-मीठ खालच्या वॉचमनकडून आणलं,
तेल शेजारच्या दुकानातून, दहा रुपयांची पुडी.
पहिला बांगडा तव्यावर पडला
आणि ते एवढं मोठं घर
एकदम कुणाचं तरी झालं.
आम्ही फरशीवर बसून खाल्लं. काटे कागदात.
तनिष्कानं दोन खाल्ले आणि तिथेच पाय पसरून
अर्धा तास झोपली, पंख्याखाली.
मी तवा तीनदा घासला.

संध्याकाळी मेसेज आला: सगळं ठीक?
लिहिलं: ठीक. खिडक्या उघडल्या होत्या.
त्यांनी अंगठा पाठवला.

उद्या नंदूला होकार कळवायचा आहे,
कुवारबावच्या त्या सामाईकवाल्या खोलीला.
डिपॉझिट वीस हजार, आहेत तेरा.
बाकीचे कुठून, ते अजून वहीत मांडलेलं नाही.

वास गेला असेल एव्हाना.
पडद्यात थोडा राहिला असेल तर
राहू दे.